शिवेपलीकडचं पाणी

"आठलं पानी त्याना आंगवर पडाले नको! पोरनं सासर शे हाई! शिवना पल्याडथून आना पानी!"

तुमचे मोठे भाऊ, अण्णा, ओरडत होते. माझ्या शेतातल्या खोलीसमोर, कडुनिंबाखाली, तुम्हाला जमिनीवर निजवलं होतं, आणि तुमच्या अंगावर कुठलं पाणी ओतायचं यावरून हे चाललं होतं. व्याही, शांतता शोधायला तुम्ही अख्खा जिल्हा पालथा घातलात, आणि शेवटच्या अंघोळीला ही गत. अण्णांचा आवाज तुम्हाला काय सांगायचा. एरवी मी म्हटलं असतं की शिरपूरला अण्णा खाकरले की तापीच्या ह्या काठावरची वांगी देठातून गळतात. त्या दिवशी असलं काही सुचलं नाही. मी वांग्यांच्या वाफ्याकडे बघत उभा होतो. वांगी जागेवर होती.

मनीषा घागर घेऊन उभी होती. तुमची मुलगी, माझी सून. आमच्या विहिरीवरून तिनं ती भरून आणली होती, तुमच्यासाठी पहिल्यांदाच. अण्णांनी बोट दाखवलं तशी तिनं घागर खोडापाशी ठेवली. थेंब सांडला नाही. आमच्या घरात कुणी न ओरडता घागर खाली ठेवली, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

"पानीले काय गाव ऱ्हास का, अण्णा?" आमची ही म्हणाली.

"मन्हा बाप मरापावत पोरना गावनं पानी पिना नही. हाऊ बी पिना नही. आते काय बाटाडतंस त्याले?"

माझ्या मुलानं ट्रॅक्टर काढला, मागे ड्रम ठेवले आणि नाला ओलांडून पलीकडच्या गावात गेला. सगळे माझ्याकडे बघत होते. गावात कुठंही चार माणसं गप्प बसली की माझ्याकडे बघायची सवय आहे त्यांना, मी काहीतरी सोडून देईन म्हणून. आणि माझ्याकडे होतं, व्याही. अण्णांचं तोंड एका वाक्यात बंद होईल असं होतं, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्या गोष्टींत तेवढीच एक शंभर टक्के खरी होती. मी ती बोललो नाही. ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्या धुराकडे बघत बसलो.

तुम्ही गेल्यापासून लोक येतात आणि विचारतात, हे पाण्याचं काय होतं म्हणून. मी पाठ केल्यासारखं सांगतो. जुन्या माणसांत मुलीच्या सासरी पाणी पीत नाहीत. कुठं नातवंड झालं की ते सुटतं, कुठं ते फक्त मुलीच्या घराच्या उंबऱ्यापुरतं असतं. ह्यांच्या घरात ते अख्ख्या गावाला लागू होतं, पार शिवेपर्यंत, आणि मरेपर्यंत. लोक मान हलवतात. मग विचारतात, असं होतं तर मग राहायला इथंच का आले. त्याचं उत्तर लांब आहे, आणि मला लांब बोलायला आवडतं, पण सध्या दोन वाक्यांनंतर माझं मलाच ऐकू येत नाही.

तुमच्यापाशी बोलतो. तुम्ही मला मधे तोडायचा नाहीत. हॉटेलातली सवय.

दमणहून तुमचा फोन आला ती दुपार मला आठवते. मनीषाची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तुम्ही म्हणालात, "व्याही, तिकडं एखादी जागा बघा. लहान चालेल. फक्त तिथं सीझन नको." मला आधी कळेना. मग सोयरीक जमवायला तुमच्याकडे आलो होतो ते आठवलं. समुद्राला लागून हॉटेल, रिसेप्शनच्या मागं तुमची खोली, आणि ताट वाढलं की दार वाजायचं. कुणाला टॉवेल हवा, कुणाला बर्फ, कुणाला टीव्हीचा रिमोट सापडत नाही. तुम्ही घास तोंडात धरून "येस सर" म्हणत उठायचा. बाहेर वाळूवर गाण्यांचा इतका दणका, की लाटा येऊन आपटतायत हे नुसतं दिसायचं. तुम्ही झोपताना बूट काढत नाही, हे मनीषानं लग्नानंतर आम्हाला सांगितलं. मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

मी फोनवर काय थापा मारल्या, देवाला माहीत. आमच्याकडे इतकी शांतता आहे, की कापसाचं बोंड फुटलं तर शेजारचा तक्रार घेऊन येतो. केळीचा घड पिकायच्या आधी झोपी जातो, त्याला हलवून जागं करावं लागतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ठीक आहे, मी बुधवारी येतो." जणू मी बुकिंग घेतलं होतं.

मग आपण माझ्या मोटरसायकलवर फिरलो. आमचं कोरीट तेवढं सोडून सगळीकडे, कारण कोरीटमध्ये तुमची मुलगी दिलेली. तोरणमाळला तुम्ही तळ्याकाठी बसलात आणि तुमचा चेहरा सैल पडायला लागला, तेवढ्यात सुरतेची बस आली. बसमधून स्पीकर आधी उतरला, माणसं नंतर. एका बाईनं एवढ्या गर्दीतून नेमकं तुम्हालाच गाठलं आणि विचारलं, गरम पाणी किती वाजता येतं. तुम्ही म्हणालात, "सहा ते नऊ, मॅडम." ती समाधानानं गेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि आपण खाली उतरलो. घाटात तुम्ही मागून एवढंच म्हणालात, "चेहऱ्यावर लिहिलंय वाटतं."

पुरुषोत्तमनगरला माझ्या चुलतभावाचं घर रिकामं होतं. साखर कारखान्याची वसाहत, झाडी, रुंद रस्ते. तुम्हाला आवडलं. पण गळीत सुरू झालेलं होतं. उसाचे ट्रॅक्टर, त्यांना दोन दोन ट्रॉल्या, प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणी, आणि मधेच कारखान्याचा भोंगा. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, तुम्ही पलंगावर पाठ टेकून छताकडे बघत होता. "व्याही," तुम्ही म्हणालात, "हा पण सीझनच की." नंदुरबारला तर विचारूच नका. शहराबाहेर मिरची पसरलेली, नजर जाईल तिथवर लाल. तिथंच जवळ मला एक छान खोली माहीत होती. तुम्ही दारात पाय ठेवला आणि शिंकायला लागलात. तुमच्या शिंकेनं दचकून स्टेशनातली गाडी सुटली, असं मी गावात सांगितलं. लोकांनी मानलं, कारण त्या दिवशी गाडी खरंच वेळेवर सुटली होती.

संध्याकाळ व्हायला आली, मला भूक लागली. मी म्हटलं, मी घरी दोन घास खाऊन येतो, तुम्ही शेतात थांबा. तुम्ही घरी येणार नव्हताच. पंपाच्या स्टार्टरसाठी बांधलेली ती पत्र्याची खोली, बाहेर ओटा, कडुनिंब. दाखवायची जागाच नव्हती ती. तिथं खताच्या गोण्या असतात आणि एक मांजर.

मी परत आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर भिंतीला टेकून झोपला होता. बूट बाजूला काढून ठेवलेले, मोजे त्यांत कोंबलेले. मी उभाच राहिलो. मी शिंकलो नाही, खोकलो नाही. मला माहीत आहे, माझ्याबद्दल हे कुणी खरं मानणार नाही.

जागे झाल्यावर तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "हे शिवार कुणाचं?"

मी छाती फुगवून म्हटलं, "आपलंच. कोरीटचं."

खाली वाकलात आणि पुन्हा मोजे घालायला लागलात. एक मोजा घातलात आणि थांबलात. मग तसेच, एका पायात मोजा, एक पाय उघडा, बांधाबांधानं नाल्यापर्यंत चालत गेलात. नाल्याच्या पलीकडे दुसऱ्या गावाची शीव लागते. त्या गावाचा नळ नाल्यावरून दिसतो. परत आलात आणि म्हणालात, "राहणं चालतं. पिणं चालत नाही."

असे तुम्ही आमच्याकडे राहायला आलात.

दमणचं एक माणूस कोरीटच्या शेतात राहतं आणि पाणी पलीकडच्या गावातून लूनावर आणतं, ही गोष्ट मला फुकट मिळाली. ती मी तशीच कशी ठेवणार. मी पारावर सांगितलं की व्याहींना आपलं गोडं पाणी बाधतं, त्यांचं पोट समुद्राचं आहे, म्हणून सुरतेहून रेल्वेनं खारं पाणी येतं आणि लूनावरच्या कॅनमध्ये तेच असतं. दोन बाया खरंच बघायला आल्या. मी केळीत लपून ऐकत होतो. मला वाटलं, आता व्याही चिडणार. तुम्ही कॅनचं झाकण घट्ट लावलंत आणि अत्यंत अदबीनं म्हणालात, "हो ताई, पण हल्ली मीठ जरा कमी येतंय." बाया गेल्या. तुम्ही केळीकडे न बघता म्हणालात, "व्याही, बाहेर या, चहा ठेवलाय."

तो चहा. एका स्टोव्हवर दोन भांडी. एकात तुमचं पाणी आणि तुमची दुधाची पावडर, हॉटेलात ठेवतात तसल्या लहान पुड्या. दुसऱ्यात माझं पाणी आणि माझ्या म्हशीचं दूध. मी म्हणायचो, दुधात नऊ भाग पाणीच असतं आणि म्हैस कोरीटचंच पाणी पिते, मग त्या पुडीतली म्हैस कुठल्या गावची हे तपासलंत का. तुम्ही पुडी उलटीसुलटी करून बघायचा आणि म्हणायचा, "लिहिलेलं नाही." मी म्हणायचो, जमिनीच्या पोटात पाण्याला शीव कुठं माहीत असते, आमच्या विहिरीचा झरा आणि पलीकडचा झरा एकच. तुम्ही म्हणायचा, "पाण्याला माहीत नसेल. मला माहीत आहे ना." हे आपण किती वेळा बोललो असू. मी म्हणतो लाखभर वेळा. ह्यात मी फार वाढवून सांगत नाही.

एकदाच तुम्ही कारण सांगितलंत, मी न विचारता. तुमचे वडील आत्याच्या गावी जायचे तेव्हा पाण्याचा तांब्या सोबत न्यायचे. एका उन्हाळ्यात वाटेत तांब्या लवंडला. आत्याच्या अंगणात वडील दिवसभर बसले, सुकलेल्या ओठांनी हसून बोलले, आणि शीव ओलांडल्यावर पहिल्या विहिरीवर पालथे झोपून पाणी प्याले. तुम्ही बरोबर होता. म्हणालात, "मी तीस वर्षं लोकांच्या हातात नारळपाणी दिलं. कोण आलं, कोण गेलं, एक चेहरा आठवत नाही. माझ्या घरचं म्हणावं असं हे एवढंच माझ्याकडे उरलंय." मी त्यावर काहीतरी विनोद केला. कसला, ते आठवत नाही. बरं झालं.

पण मनीषा. ती रोज दुपारी शेतात यायची आणि ओट्याच्या कडेला बसायची, रिकाम्या हातांनी. सून म्हणून आमच्या घरात ती येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देते. विमा विकायला आलेल्यालाही देते. आणि स्वतःच्या बापाला देऊ शकत नव्हती. तुम्ही मात्र तिला द्यायचा. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर तुम्ही कडुनिंबाला झोका बांधलात. आखाजीला लेकी माहेरी जातात, आणि हिचं माहेर सासरच्याच शेतात येऊन बसलेलं. ती आणि नात झोक्यावर, तुम्ही बाजूला पेला घेऊन उभे, पाणी हवं का, सरबत हवं का, असं वेटरसारखं विचारत. ती प्याली. मग रिकामा पेला हातात धरून तिनं माझ्या विहिरीकडे पाहिलं. तुम्ही ते पाहिलं नाही, किंवा मला तसं वाटलं.

त्या संध्याकाळी आपलं खरं भांडण झालं. मी मोठ्यानं बोलतो तेव्हा ते भांडण नसतं, हे तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी मी हळू बोललो. मी म्हटलं, तुमचं वडिलांचं व्रत तुम्ही पाळा, पण त्याची तहान माझ्या सुनेला लागते आहे, ते बघा. तुम्ही स्टोव्ह पुसत होता. पुसून झाल्यावर तो पुन्हा पुसलात. म्हणालात, "आम्ही बाप-लेक बघून घेऊ आमचं." मी उठून घरी गेलो. माझा चहा भांड्यात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी आलो तर तुम्ही भांडं घासून पालथं घालून ठेवलेलं होतं आणि काही झालंच नाही अशा आवाजात विचारलंत, साखर किती.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही दमणला गेलात, खोलीच्या किल्ल्या परत करायला आणि उरलंसुरलं सामान आणायला. आणि तेव्हा ते झालं.

पलीकडच्या गावाची विहीर आटली. त्यांचे लोक आमच्याकडे आले. आमच्या शिवारात नाल्याच्या अलीकडे सार्वजनिक विहीर आहे, तिला पाणी भरपूर. ठरलं की तिच्यावरून त्यांच्या टाकीला पाइप टाकायचा. सरळ वाट माझ्या शेतातून जात होती. मी हो म्हटलं. चर खणला, पाइप टाकला, चर बुजवला. तो पाइप तुमच्या ओट्याला लागून गेला, व्याही. तुम्ही परत आलात तेव्हा वर माती सारखी झालेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही लूना काढलीत, कॅन लावले, नाला ओलांडलात आणि पलीकडच्या नळाला जाऊन कोरीटचं पाणी भरून आणलंत. ते तुमच्या ओट्याशेजारून तुमच्या आधी तिथं पोचलेलं होतं.

मी केळीत जाऊन हसलो. मला धाप लागली. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढी चांगली थाप रचू शकलो नसतो, आणि ही तर थापच नव्हती. मी गावात सगळ्यांना ताकीद दिली, कुणी बोलायचं नाही, हे मी सांगणार. कधी सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. ह्या आखाजीला. झोका बांधलेला असेल, मनीषा बसलेली असेल, तुम्ही पेला पुढं कराल, आणि मी म्हणेन, व्याही, थांबा, आता तो पेला तिच्या हातात द्या आणि तिच्या हातून प्या, कारण वर्ष झालं तुम्ही तिच्याच सासरचं पाणी पिताय आणि आभाळ काही कोसळलेलं नाही. वाक्य मी घोकून ठेवलं होतं. म्हशीला म्हणून दाखवलं होतं.

म्हणून मी गप्प होतो. तुम्ही खाट ओढून नेमकी चर बुजवलेल्या जागेवर टाकलीत, म्हणालात इथली जमीन मऊ आहे, तेव्हाही मी ओठ दाबून गप्प राहिलो. हिवाळ्यात मनीषा तुमच्याबरोबर लूनावर मागे बसून जायला लागली, तेव्हाही. मला वाटलं, बापाचे हात दुखत असतील, कॅन उचलायला जाते. नाल्यावरून मला दिसायचं. ती नळाखाली कॅन धरायची. तो भरला की ती दोन्ही हातांची ओंजळ भरायची आणि तुम्ही वाकून तिच्या हातून प्यायचा. शीव ओलांडली की तुमचं व्रत सुटत होतं, तेव्हा तिथं चालतं, असा मी हिशेब लावला. मनात म्हटलं, पी बाबा, पोटभर पी, कुठलं पितोस ते आखाजीला सांगतो.

आखाजी अजून आलेली नाही.

तुम्ही दुपारी खाटेवर पडलात आणि उठला नाहीत. मांजर तुमच्या पायाशी होतं. मी चहा ठेवला होता, दोन्ही भांड्यांत. तुमच्या भांड्यातलं उकळून उकळून आटलं तरी मी तुम्हाला हाक मारली नव्हती. झोपलेल्या माणसाला आपण उठवत नाही, ही एक गोष्ट मी तुमच्याकडून शिकलो होतो. तुमचे बूट खोलीत कोपऱ्यात होते, मोजे वाळत घातलेले. मी ते काढून घडी केले. मग मला कळेना ते कुठं ठेवायचे. अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहेत.

तर ट्रॅक्टर परत आला, ड्रम भरून. आमच्या गावच्या विहिरीचं पाणी फेरी मारून परत आलं. अण्णांनी स्वतः ओतलं. त्यांचा आवाज तेव्हा बसला होता, आणि दर तांब्याला ते लहान मुलाशी बोलतात तसं तुमच्याशी काहीतरी पुटपुटत होते. त्या म्हाताऱ्याला मी काय सांगणार होतो. तुमच्या दोघांच्या बापाचं जे उरलं होतं, ते त्या ड्रममध्ये आहे असं त्यांना वाटत होतं. तुम्हाला तापीवर नेलं. मी खांदा दिला. तुम्ही हलके होता किंवा मला काही लागत नव्हतं. लोक म्हणतात मी सगळ्या वाटेत एक शब्द बोललो नाही. मला वाटत होतं मी बोलतोय.

त्यानंतर मी रोज शेतात जातो. स्टोव्हवर एकच भांडं ठेवतो आणि ते मधोमध बसत नाही, एका बाजूला सरकतं. तुमच्या पुड्या डब्यात आहेत. एक उघडली, चव बघितली. इतका वाईट चहा तुम्ही एवढे दिवस हसतमुखानं प्यालात. तुम्हाला शांत जागा मिळाली असं लोक म्हणतात, समजूत घालायला. मला ते वाक्य आवडत नाही. तुम्हाला ती आधीच मिळाली होती. तुम्ही बूट काढले तेव्हा मी तिथं होतो. माझ्यासारख्या बडबड्याच्या शेतात तुम्हाला झोप लागली, ह्याचं मला नवल वाटायचं, आणि ते तुम्हाला सांगायचं राहिलं. आभार मानायचे राहिले असं म्हणणार होतो, पण व्याह्यांचे आभार कोण मानतं. तुम्ही "माय प्लेझर, सर" म्हणाला असता आणि दोघांनाही ओशाळं झालं असतं.

अण्णांचा निरोप आला. आखाजीला पितरांसाठी भरतात ती तुमच्या नावाची घागर ते शिरपूरला भरणार आहेत, घरच्या विहिरीवरून. ते रीतीचं झालं. पण मला वाटलं, मनीषाला इथंही एक भरायची असेल, कडुनिंबाखाली. तेव्हा तिला विचारावं, आणि विचारायचं तर मग खरं सांगून टाकावं. अण्णांपासून लपवलं ते ठीक, पण आपल्या बापाला आपल्या सासरचं पाणी कधी मिळालंच नाही, असं तिनं जन्मभर का समजावं. मी ठरवलं की ह्यात काही मीठमसाला घालायचा नाही.

काल दुपारी ती शेतात आली. ओट्याच्या कडेला तिथंच बसली. ती घागर अजून खोडापाशी होती, त्या दिवसापासून कुणी हलवली नव्हती. पाणी खाली गेलं होतं, वर कडुनिंबाची पानं तरंगत होती. मी तिच्यासमोर खाटेवर बसलो. पाइपाचं सांगितलं. विहीर आटली ते, पप्पा दमणला गेले होते ते, चर बुजवला ते. म्हटलं, "बेटा, पल्याडनी टाकीमा आपलाच विहिरनं पानी येस. वरीस व्हयी गयं. तू ज्या ओंजळघाई त्यासले पाजत व्हतीस ना, ते तुन्हा सासरनंच पानी व्हतं. त्यासले माहीत नव्हतं, पन त्या तुन्हाच गावनं पानी पिनात."

मी वाट बघत होतो. ती रडेल, हसेल, माझ्यावर चिडेल, मी आधी का बोललो नाही म्हणून. तिनं घागरीतली पानं एकेक करून बाहेर काढली. मग घागर तिरपी केली आणि पाणी सावकाश झाडाच्या आळ्यात सोडलं. घागर कमरेवर घेतली आणि विहिरीकडे निघाली. जाता जाता, मागं न बघता, म्हणाली,

"पप्पासले माहीत व्हतं."